दुपारी चारला भिंतीवर रोलरचे पट्टे दिसतात. कानबाईच्या आधी उरलेल्या खोल्या कशा कराव्यात?

पारोळेकर

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, कारण नेमकं कुठे चुकलं ते माझं मलाच कळलेलं नाही.

पारोळ्याला आमचं वडिलोपार्जित घर. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, खोल्या जाऊन स्लॅब पडला त्याला बरीच वर्षं झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही बहिणी माहेरी येणार म्हणून पुढची खोली रंगवायचं ठरवलं. ऐन लग्नसराईत पेंटर कुठला मिळायला! एक जण भिंती बघून गेला तो गेलाच. मग म्हटलं, आपणच करू, त्यात काय एवढं.

खोली १० बाय १२, उंची १०. जुने पोपडे खरवडले, पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात ओढले, घासायचा कागद मारला, प्रायमरचा एक हात आणि त्यावर फिक्या पिस्ता रंगाच्या प्लास्टिक पेंटचे दोन हात, रोलरने. रंग चार लिटर आणला होता, त्यातला निम्मा उरला. पैसे वाचले म्हणून मी मनातल्या मनात खूश. उन्हाने बादलीतला रंग सारखा घट्ट होत होता, म्हणून पाणी घालत गेलो. मोजलं नाही, पण रंग तेवढंच पाणी झालं असेल.

सकाळी खोली झकास दिसते. दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं की भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभे पट्टे. स्विचबोर्डाभोवती आणि कोपऱ्यांत चौकट आखल्यासारखी गडद कड. मधेच तळहाताएवढे डाग, तिथे रंग मेल्यासारखा. आणि खिडकीखाली हात फिरवला तर रंगासकट पांढरी भुकटी हाताला येते. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, भिंतीवर सतरंजी टांगलीस का?" वडील खाटेवरून म्हणाले, "भाऊ, तू रंग दी राहिना का पोतारा दी राहिना?" (पोतारा म्हणजे मातीचा हात, आजी चुलीला द्यायची तो.)

आता यंदा कानबाई (आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) आमच्याकडे आहे. सगळे भाऊबंद त्या दिवशी घरात असणार आणि कानबाई बसणार मधल्या खोलीत. ती खोली आणि तिच्यामागची, अशा दोन उरल्यात. मागच्या खोलीत कमरेपर्यंत हिरव्या ऑइल पेंटचा जुना पट्टा आहे आणि उत्तरेच्या भिंतीला खाली ओल. हातात पाचेक आठवडे आहेत.

पुढच्या खोलीला तिसरा हात मारला तर पट्टे झाकले जातील का? रोलर कुठला घ्यावा? आणि स्प्रे मशीन भाड्याने आणलं तर?

जळगावचा पाहुणा

भाऊ, सोपा उपाय सांगतो. त्या खिडकीला जाड पडदा लावा. चार वाजायचेच नाहीत.

गंमत सोडा, पण रंग घेताना मॅट घ्या. चकाकी जितकी जास्त तितकी भिंत चहाडखोर. माझ्या भावाने हॉलला चकचकीत रंग लावून घेतला, आता पाहुणे आले की तो आधी ट्यूबलाइट बंद करतो.

भुसावळचे आबा

पारोळेकर भाऊ, १९९१ पासून हातात ब्रश आहे. आता गुडघ्यांनी शिडी सोडायला लावली, पोरं कामावर जातात आणि मी बसल्या जागी चुका काढतो. तुमच्याही काढतो, राग मानू नका.

आधी तुमच्या वाचलेल्या पैशांचा हिशोब करू. १० बाय १२ म्हणजे चार भिंतींचा घेर ४४ फूट, उंची १०, झाले ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा करून ३९० धरा. चांगल्या प्लास्टिक पेंटचा एक लिटर दोन हातांना मिळून साधारण सव्वाशे ते दीडशे चौरस फूट पुरतो. तुम्हाला तीन लिटर लागायला हवा होता, तुम्ही दोनात उरकलं. म्हणजे लिटरभर रंग भिंतीवर पोचलाच नाही. पाण्याने तो ताणला आणि रोलर सुका पडला तरी फिरवत राहिलात. सुका रोलर दाबावा लागतो, आणि दाबला की त्याच्या दोन्ही टोकांनी रंगाची रेघ सुटते. तुमच्या पट्ट्यांतले निम्मे तिथले.

बाकीचे निम्मे उन्हाचे. एक पट्टा मारला, दुसरा त्याच्या शेजारी मारायचा तेव्हा पहिल्याची कड ओली असली तर दोन्ही एकमेकांत मुरतात. कड सुकली असली तर जोडावर रंगाचे दोन थर बसतात, आणि तो दुहेरी थर तिरप्या उजेडात दिसतो. वैशाखात आपल्याकडे पारा ४३-४४ ला, भिंत हाताला चटका देते, वरून पंखा. पंखा चालू होताच ना? कड दोन मिनिटंसुद्धा ओली राहत नाही. पाण्यातल्या बहुतेक रंगांना १० ते ३५ अंशांच्या मधलं हवामान मानवतं. आखाजीला ते आपल्या नशिबात पहाटे सहा ते साडेनऊ एवढंच. त्या दिवसांत मी एक करतो. आदल्या रात्री खोलीत कुलर चालवून हवा दमट करून ठेवतो, पहाटे कुलर आणि पंखा दोन्ही बंद, खिडक्या लोटून घेतो आणि मग रोलर हातात. घामाने अंघोळ होते, पण रंगाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

कोपऱ्यांतली चौकट कशी आली ते न बघता सांगतो. तुम्ही आधी सगळ्या खोलीची कड ब्रशने मारून घेतली, मग चहा प्यायलात, मग रोलर धरलात. एका वेळी एकच भिंत घ्यायची. तिची कड मारली की लगेच रोलर, आणि रोलर जमेल तितका कडेला भिडवायचा, म्हणजे ब्रशची रेघ चार बोटांऐवजी एका बोटाची उरते.

मेलेले डाग म्हणजे प्रायमर मारल्यावर तुम्हाला खड्डे दिसले, तिथे पुट्टी लावून घासली आणि तशीच रंगवली. उघडी पुट्टी रंगातला ओलावा शोषून घेते, तिथला रंग फिका आणि निर्जीव दिसतो. त्या ठिगळांना पुन्हा प्रायमरचं बोट लावायचं असतं.

आता भुकटी. हे दुखणं मी स्वतः भोगलंय. जळगावला एका बंगल्याचं काम होतं, मे महिना, मालकाच्या मुलीचं लग्न तोंडावर. मी नवा नवा ठेकेदार, तीन खोल्यांना दोन दिवसांत पुट्टी ओढली. दिसायला अशी, की संगमरवर म्हणावा. तिसऱ्या दिवशी प्रायमरचा रोलर फिरवला तर पुट्टी रोलरला चिकटून वर. उस्तादांना बोलावलं. ते आले, बोलले काही नाहीत, ओंजळभर पाणी भिंतीवर फेकलं. पाणी जमिनीपर्यंत ओघळलंच नाही, वाटेतच भिंतीने पिऊन टाकलं. म्हणाले, "हिला तहान लागलीय आणि तू कोरडी भाकर घालतोयस." तिन्ही खोल्या खरवडल्या, माल आणि मजुरी माझ्या खिशातून. लग्न कसंबसं गाठलं.

पांढऱ्या पुट्टीत सिमेंट असतं हो. सिमेंट पाण्याने धरतं. तापलेल्या कोरड्या भिंतीने ते पाणी आधीच ओढून घेतलं की पुट्टी नुसती सुकते, धरत नाही, आणि सुकलेली पुट्टी म्हणजे पीठ. म्हणून आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी मारा आणि पुट्टी लावायच्या अर्ध्या तास आधी पुन्हा शिंपडा. भिंत ओलसर हवी, पण पाणी चमकता कामा नये. कालवताना आधी पाणी घ्या आणि त्यात पुट्टी सोडा. एका किलोला साडेतीनशे ते चारशे मिली. दहा मिनिटं ठेवून पुन्हा फेटा. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झाली म्हणून परत पाणी घातलं की ती गेली. आणि पाणी पिण्याचं घ्या, बोअरचं खारं पाणी कालवलं तर पुढे भिंतीवर मीठ फुटतं.

पुट्टी ओढायचा पत्रा नवा आणला असेल तर त्याची दोन्ही टोकं कानशीने किंचित गोल करून घ्या. हे कुणी व्हिडिओत सांगत नाही. टोकदार पत्रा प्रत्येक ओढीला दोन बारीक रेघा सोडतो आणि त्या घासत बसायला दोन दिवस जातात. पहिला हात उभा, दुसरा आडवा, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. खोल खड्डा असेल तो पुट्टीने भरायचा नाही, आधी सिमेंट-वाळूने भरून घ्यायचा.

खरं काम यापुढे. संध्याकाळी खिडक्या बंद करा, खोलीतला दिवा घालवा आणि वायरीवरचा एक बल्ब हातात घेऊन भिंतीला अगदी चिकटवून धरा. मोबाइलची बॅटरीही चालेल. भिंतीला गाल लावल्यासारखं डोकं टेकवून उजेडाच्या दिशेने बघा. दुपारी चारला ऊन जे दाखवतं ते सगळं तिथेच दिसतं, एकेका दाण्याची सावली पडते. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने हलका गोल काढत चला. पहिल्यांदा कराल तेव्हा एका भिंतीवर पन्नास गोल निघतील, घाबरू नका. उंच ते घासा, खोल ते भरा. कागद नुसता तळहाताने चालवू नका, बोटांचे खळगे पडतात. लाकडी गुटक्याला गुंडाळा, आधी १८० नंबरचा, शेवटी ३२०चा. पुट्टी सुकली की दुसऱ्या दिवशीच घासायची, आठवडाभर ठेवली तर दगड होते. तोंडाला मास्क बांधा, फडकं नव्हे. घासून झालं की धूळ कोरड्या ब्रशने झाडा आणि मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. धुळीवर मारलेला प्रायमर धुळीलाच धरतो, भिंतीला नाही.

प्रायमर सुकला की बल्ब परत. इथे माझी पोरंसुद्धा आळस करतात. पुट्टीच्या अंगावर जे लपतं ते प्रायमरच्या एकसारख्या पांढऱ्यावर उघडं पडतं. जेवढं सापडेल तेवढं दुरुस्त करा, त्यावर ३२०चा कागद आणि ठिगळांना प्रायमर.

एवढं झाल्यावर रंगाचं फारसं काही उरत नाही. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, दोन डब्यांच्या छटेत किंचित फरक निघाला तर तो भिंतीच्या मध्यावर दिसायला नको. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. घरातली जुनी ओढणी बांधून रंग गाळून घ्या, विशेषतः उरलेला असेल तर. रोलर ९ इंची, लव नऊ-दहा मिलिमीटरची. स्पंजचा स्वस्त रोलर बुडबुडे सोडतो आणि ते फुटले की भिंतीवर अंगावर काटा आल्यासारखा दाणा उठतो. नव्या रोलरला चिकटपट्टी गुंडाळून ओढून काढा, सुटे केस निघून येतात, मग धुऊन झटकून घ्या. एका वेळी तीन फूट रुंदीची जागा, वरपासून खालपर्यंत. आधी तिरपं फिरवून रंग पसरा आणि शेवटची ओढ वरून खाली, रोलरच्या स्वतःच्या वजनाने, हात न दाबता. मग तिकडे वळून बघू नका. अर्धवट सुकलेल्या जागी "जरा इथे राहिलं" म्हणून परत रोलर लावला की तो डाग कायमचा.

तुमचे तीन प्रश्न. तिसरा हात मारून पट्टे झाकले जाणार नाहीत, आधी २२०च्या कागदाने ते घासून बसवा आणि मग मारा. खिडकीखालची भुकटी मात्र पार विटेच्या गिलाव्यापर्यंत खरवडा, तिच्यावर काहीही टिकणार नाही. स्प्रे मशीन मोकळ्या घराला उत्तम. भरल्या घरात खाट, कपाट, देव्हारा झाकण्यातच दिवस जातो आणि वडील कुठे बसणार?

पारोळेकर

आबा, पंखा चालू होता. चहाही प्यायलो होतो. तुम्ही खिडकीतून बघत होतात की काय?

काल रात्री पुढच्या खोलीत बॅटरी लावून बघितली. नसती लावली तर बरं झालं असतं. एका भिंतीवर ७३ गोल काढून थांबलो. भुकटीच्या जागी पाणी शिंपडलं तर अगदी तुमच्या उस्तादांनी दाखवलं तसंच झालं.

आता मागच्या खोलीचा हिरवा पट्टा. त्याच्यावर सरळ पुट्टी ओढली तर?

चोपड्याची माहेरवाशीण

दादा, ते करू नका. आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात असाच पट्टा होता, निळा. भावाने त्याच्यावर पुट्टी आणि रंग केला, सहा महिने छान राहिलं. मग कुणीतरी कॅलेंडरची चिकटपट्टी काढली आणि तिच्याबरोबर ताटाएवढा पापुद्रा खाली आला. आत निळा पट्टा जसाच्या तसा हसत होता.

ऑइल पेंट गुळगुळीत, त्याला काही धरत नाही. आधी एका कोपऱ्यात परीक्षा घ्या. ब्लेडने बोटभर जागेत उभ्या-आडव्या रेघा कापा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर जुना रंगच सुटलाय, तो काढावाच लागेल. नाही आले तर खरखरीत कागदाने त्याची चकाकी पूर्ण मारायची आणि त्यावर ऑइल बेस प्रायमर.

पण घासण्याआधी एक ऐका. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा पट्टा त्याच्या आधीचा असणार. जुन्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही हिरव्या-पिवळ्यात, शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, पाणी शिंपडून पाणकागदाने ओला घासा. लेकरांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका, चिखल कागदात गोळा करा, अंगणात झटकू नका. आग लावून रंग जाळायची जुनी पद्धत तर अजिबात नको.

स्वयंपाकघर करणार असाल तर घासण्याच्याही आधी धुण्याच्या सोड्याने भिंत धुवा आणि साध्या पाण्याने दोनदा निपटा. फोडणीचा तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही, रंगाला बरोबर कळतो. आमच्याकडे खापरावर मांडे होतात त्या भिंतीचा धूर तीन हातांतूनही पिवळा वर आला होता. शेवटी तिथेही ऑइल बेस प्रायमरच लावला, तेव्हा थांबला.

धुळ्याचा बांधकामवाला

रंगाचं आबांनी सांगितलंच. मी ओलीचं बोलतो, कारण त्या उत्तरेच्या भिंतीवर तुम्ही संगमरवर लावलात तरी तो पडणार.

ओल आतून येतेय की हवेतली बसतेय ते आधी ठरवा. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि दिवसभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी दिसलं तर भिंत ओल ओढतेय. बाहेरच्या बाजूला दिसलं तर पावसाळी हवा. आतून असेल तर वॉटरप्रूफ कोटिंग मारा, दोन हात.

आणि भेगा असतील तर त्या कुठल्या ते बघा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, पाया तिच्याबरोबर हलतो. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मे महिन्यात नख जाईल एवढी आणि भाद्रपदात मिटलेली, अशी असेल तर ती दरवर्षी श्वास घेणार. तिच्यात पुट्टी भरू नका, फुटतेच. खाच मोठी करा आणि रंग मारता येईल असा अॅक्रिलिक सीलंट भरा, तो ताणतो. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या भेगा मात्र फक्त गिलाव्याच्या असतात, त्या पुट्टीत जिरतात.

भुसावळचे आबा

बांधकामवाले भाऊ, प्लास्टिकची परीक्षा सोळा आणे खरी. भेगांचंही. पण आतून कोटिंग मारायला माझा विरोध. पाणी बाहेरून येतंय, तुम्ही आतून दार लावून घेताय. ते पाणी वर चढतं आणि कोटिंगच्या वर फूटभर जागा शोधून तिथे पोपडे काढतं. रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की दरवर्षी पेंटर तोच, पोपडा तोच, नुसता वर सरकलेला. आधी बाहेर जाऊन बघा. भिंतीला माती टेकलीय का, पन्हाळीचं पाणी पायथ्याशी पडतंय का, शेजाऱ्याची मोरी त्या बाजूला आहे का.

आणि पारोळेकर, आता तुमच्यापुढे उलटी पंचाईत आहे. आपल्या खान्देशात रंगाचे दोन मुहूर्त, आखाजी आणि कानबाई. एकाला रंग सुकायची घाई आणि दुसऱ्याला सुकायचं नाव नाही. दोन्ही रंगाचे वैरी. दिवाळीनंतर हवा कशी सोन्यासारखी असते, तेव्हा एक माणूस फोन करत नाही.

श्रावणात भिंतीला आदल्या रात्री पाणी मारायची गरज नाही, हाताला कोरडी लागली तरच शिंपडा. डब्यावर चार तासांनी दुसरा हात लिहिलं असेल तर तुम्ही रात्र जाऊ द्या. झड लागली असेल त्या दिवशी रंगच काढू नका. रंग मारल्यावर पहिला तासभर पंखा बंद, पट्टे जुळू द्या, मग खिडकी उघडून पंखा खुशाल लावा. आणि टेप! मास्किंग टेप रंग ओला असतानाच काढायची, तिरपी ओढत. सुकल्यावर काढली तर ती कडेचा रंग दातेरी करून नेते.

पारोळेकर

तीन आठवड्यांनी लिहितोय.

प्लास्टिक भिंतीकडच्या बाजूने ओलं निघालं. बाहेर जाऊन बघितलं तर धाब्याच्या काळची मोरी. वापर बंद होऊन वीस वर्षं झाली असतील, पण गच्चीचा पाइप कुणीतरी तिच्यातच सोडून ठेवलाय. म्हणजे मीच, स्लॅबच्या वेळी. पाइप लांबवून गटारीत सोडला, मोरी फोडली. भिंत अजून ओली आहे, म्हणून मागची खोली यंदा तशीच ठेवली. हिरव्या पट्ट्यासकट. ताईंच्या सांगण्याप्रमाणे ब्लेडची परीक्षा घेतली, निम्मे चौकोन पट्टीबरोबर आले. ते काम दिवाळीनंतर, आबा, त्या वेळी फोन करणारा मी पहिला माणूस असेन.

मधली खोली झाली. तिन्ही आठवडे तिच्यातच गेले, त्यातला रंगाचा वेळ दीड दिवस. पुट्टीचे दोन हात, त्यांची घासाई, प्रायमर, पुन्हा बल्ब, पुन्हा घासाई. बायको म्हणते घरात जेवण खडूच्या चवीचं लागतंय. खोली पुढच्या खोलीच्याच मापाची आणि रंग बरोबर तीन लिटर गेला, थोडा वरच. मॅट घेतला. पत्र्याची टोकं कानशीने गोल केली तेव्हा दुकानदार बघत होता. त्याने विचारलं, "कुठे शिकला भाऊ?" मी म्हटलं, "भुसावळला."

स्विचबोर्डाच्या वर एका जागी अजून एक रेघ दिसते. मी मोहात पडून अर्धवट सुकल्यावर परत रोलर लावला होता. तिथे कानबाईच्या पूजेचा पडदा येईल, म्हणून सोडून दिली.

काल दुपारी ढग जरा फाकले. चार वाजता वडिलांना खाटेवरून उठवून मधल्या खोलीत आणलं. पश्चिमेचं ऊन भिंतीवर तिरपं आलेलं. ते बराच वेळ बघत उभे राहिले, एकदा हात फिरवला, तो उलटा करून तळवा बघितला. मग खिडकीकडे बोट केलं.

"आते काचा पुसी टाक, भाऊ."